संशयाकडे पुरावा मागणारी गोष्ट : मराठी थरारकथेची वाटचाल
(खारघर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ही व्याख्यानमाला एका ग्रंथालय कार्यकर्त्याच्या स्मृतीसाठी चालते, म्हणून मी आज रहस्यकथा आणि थरारकथा हा विषय मुद्दाम मागून घेतला. देवघेवीच्या टेबलामागे आयुष्य काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. परिसंवाद कुठल्या पुस्तकांवर होतात हे त्याला कळतं, आणि शनिवारी संध्याकाळी लोक रांग लावून कुठली पुस्तकं मागतात हेही कळतं. या दोन याद्या क्वचितच जुळतात. साहित्याच्या इतिहासात पहिल्या यादीची नोंद होते. दुसरी यादी रजिस्टरात राहते आणि रजिस्टर भरलं की रद्दीत जाते.

मराठी माणसाला वाचनाची गोडी लावण्यात रहस्यकथेचा मोठा वाटा आहे, हे आता बहुतेक सगळे मान्य करतात. मला त्याच्या पुढचं काही सांगायचं आहे. थरारकथा ही केवळ वाचनाची पहिली पायरी नाही. या लेखनाने वाचकाला एक नागरी शिस्त लावली. संशय आला तर त्याला पुरावा मागावा, आणि पुरावा उलटा निघाला तर आपला संशय मागे घ्यावा, ही ती शिस्त. आजच्या काळात तिची किती गरज आहे, याकडे मी शेवटी येणार आहे.

आधी थोडा इतिहास पाहू.

गोष्टीतला थरार आपल्याकडे कादंबरीच्या आधीपासून आहे. कीर्तनात बुवा पूर्वरंग संपवून आख्यानाला लागतात, तेव्हा समोरच्या प्रत्येकाला शेवट माहीत असतो. तरीही ऐन प्रसंगी बुवा थांबून अभंग धरतात आणि मांडवातली माणसं पुढे सरकून बसतात. शेवट माहीत असूनही जीव टांगणीला लागतो, हे आपल्या श्रोत्याला शतकानुशतकं ठाऊक आहे. पुढे छापखाना आला आणि ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आल्या. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ची. पहिलीत दुष्टांचे डाव, ताटातूट आणि संकटांमागून संकटं. दुसरीत किल्ला आणि त्याभोवतीची कारस्थानं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गो. ना. दातारशास्त्री आणि नाथमाधव यांनी हीच ओढ वाढवली. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ची पारायणं झाली. या सगळ्या लेखनामागे रेनॉल्ड्ससारख्या इंग्रजी लेखकांची सावली होती, पण मराठी वाचकाला त्याची फिकीर नव्हती. त्याला पुढचं प्रकरण हवं होतं.

तिकडे पश्चिमेत एडगर अ‍ॅलन पो यांनी १८४१मध्ये तर्काने गुन्हा उकलणारा माणूस कथेत आणला होता आणि १८८७मध्ये शेरलॉक होम्स अवतरला होता. या दोन्ही कथांना मोठं शहर लागतं. पोच्या कथेत पॅरिस आहे, होम्सच्या कथेत लंडन. हा योगायोग नाही. गावात चोरी झाली तर गावाला सहसा माणूस ठाऊक असतो, पंचाईत एवढीच असते की त्याचं नाव कोण घेणार. शहरात शेजारचा माणूस अनोळखी असतो. तिथे ओळखीवर भागत नाही, पायाचा ठसा, तिकिटाचा तुकडा, हस्ताक्षर यांच्याकडे जावं लागतं. हेर ही व्यक्तिरेखा अनोळखी माणसांच्या वस्तीत जन्माला येते. म्हणूनच मराठी हेरकथा खऱ्या अर्थाने मुंबईत उभी राहिली, आणि ती उभी केली बाबुराव अर्नाळकरांनी.

बाबुरावांचं मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६चा, मृत्यू १९९६चा. गिरगावात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांच्या नावावर आहेत. झुंजार, धनंजय, छोटू, काळा पहाड ही नावं आज सत्तरीत असलेल्या कुणासमोरही घेऊन बघा. चेहरा लगेच खुलतो. झुंजारबरोबर विजया आणि नेताजी येतात, धनंजयबरोबर छोटू येतो, आणि वाचकाला घरच्या माणसांत आल्यासारखं वाटतं. परक्या भाषेतले नमुने त्यांनी घेतले, हे खरंच आहे. ‘काळा पहाड’च्या मागे इंग्रजीतला ‘ब्लॅकशर्ट’ उभा आहे. पण त्या पात्रांना त्यांनी इथल्या पेढ्यांवर, इथल्या बंदरात, इथल्या बंगल्यांत वावरायला लावलं, आणि गिरणीतल्या कामगारापासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांना समजेल अशा छोट्या वाक्यांत लिहिलं.

त्या पुस्तकांकडे जरा जवळून पाहू. आकार खिशात मावेल एवढा. कागद न्यूजप्रिंटचा, वर्षाभरात पिवळा पडणारा. मुखपृष्ठ भडक: पिस्तूल, मुखवटा, घाबरलेली स्त्री. विकत घेणारे थोडे, भाड्याने नेणारे फार. सर्क्युलेटिंग लायब्ररी म्हणजे बहुधा जिन्याखालची जागा किंवा दुकानाची पुढची बाजू. अनामत ठेवायची, महिन्याची वर्गणी भरायची आणि एका वेळी एक पुस्तक न्यायचं. मालक पुस्तकाला आधीच पुठ्ठा घालून दोऱ्याने शिवून ठेवायचा, कारण दहा हातांतून गेल्यावर मूळ बांधणी टिकत नसे. पानांवर तेलाचे डाग, चहाची वर्तुळं. कुणीतरी पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असायचं, आणि पुढच्या वाचकाने त्याच पेन्सिलीने त्याला शिवी दिलेली असायची. शेवटचं पान गळालेलं निघालं की त्या घरात रात्री जेवणं लांबायची. कुणाकडे दुसरी प्रत आहे का, याचा चाळभर शोध व्हायचा. मराठीतल्या किती पुस्तकांच्या शेवटच्या पानासाठी अशी धावाधाव झाली असेल?

बाबुरावांनंतरच्या लेखकांकडे पाहताना मला एक सूत्र दिसतं. प्रत्येक काळात मराठी माणसाची भीती कुठे राहत होती, त्याचा पत्ता थरारकथेत सापडतो.

‘मुक्तामाला’च्या काळात भीती रानात आणि तळघरात होती. बाबुरावांच्या काळात ती शहरातल्या अंधाऱ्या बोळात आणि श्रीमंतांच्या बंगल्यात आली. १९६२, १९६५ आणि १९७१च्या युद्धांनी सरहद्द घराघरात आणली, आणि गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप शत्रूच्या मुलखात मोहिमांवर निघाला. मूळ गोव्याच्या या लेखकाने हजाराहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या; २०२१मध्ये त्यांचं निधन झालं. कोल्हापूरचे बाबा कदम सरकारी वकील होते. गुन्हा, आरोपपत्र, साक्ष यांची नित्याची माहिती त्यांच्या कथानकांत उतरली, आणि शहरी वाटणारा हा प्रकार पश्चिम महाराष्ट्राच्या मातीत शिरला. सुहास शिरवळकरांनी अमर विश्वास हा वकील, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, दारा बुलंद असे नायक दिले. सत्तरच्या दशकातल्या कॉलेजातल्या मुलांना हे नायक आपल्या भाषेत बोलणारे वाटले. ‘दुनियादारी’ लिहिणारा हाच लेखक. रहस्यकथेत कमावलेली संवादाची धार त्यांनी त्या कादंबरीत वापरली, हे दोन्ही वाचणाऱ्याला सहज दिसतं.

नारायण धारपांनी भीतीला जुन्या वाड्यात आणलं. बंद खोली, माळा, वारशात आलेली वस्तू. रत्नाकर मतकरींनी तिला आणखी आत नेलं. त्यांच्या गूढकथांत भूत असो वा नसो, भीती मध्यमवर्गीय घराच्या बैठकीच्या खोलीत असते. रोज चहा देणारा हात, शांत मूल, प्रेमळ नवरा यांच्याकडे वाचक नव्याने पाहू लागतो. रानातून निघालेली भीती शंभर वर्षांत घराच्या उंबऱ्याच्या आत आली, असा हा प्रवास आहे. समाजशास्त्राच्या ग्रंथाइतकीच ही नोंद मोलाची आहे.

या प्रवासात मासिकांचाही हात आहे. अनंत अंतरकरांनी ‘हंस’, ‘मोहिनी’ यांच्या जोडीला ‘नवल’ चालवलं आणि अद्भुत, गूढ, साहस यांना नीटस संपादन मिळवून दिलं. ‘धनंजय’सारख्या दिवाळी अंकाने तर रहस्य आणि गूढ याच पायावर आपलं घर बांधलं. दिवाळी अंक ही खास मराठी गोष्ट आहे, आणि त्या फराळाच्या दिवसांत भीतीच्या कथांना हक्काची जागा आहे, याचा मला अभिमान वाटतो. मुलांसाठी भा. रा. भागवतांनी फास्टर फेणे दिला. पुण्यातल्या विद्याभवनातला हा सडपातळ, सायकलवरचा मुलगा मोठ्यांनी दुर्लक्षिलेली बारीक गोष्ट टिपतो आणि तिचा पाठपुरावा करतो. निरीक्षण हे धाडसाइतकंच महत्त्वाचं, हे त्याने तीन पिढ्यांना शिकवलं.

आता रंगभूमी आणि पडद्याकडे येतो, कारण थरार नेमका कसा चालतो हे तिथे स्पष्ट दिसतं.

आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ ऑक्टोबर १९६२मध्ये रंगभूमीवर आलं. माधव काझी या ठकाच्या प्रत्यक्षातल्या खटल्यावरून ते सुचलेलं. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे नाना नावांनी, नाना वेषांनी बायकांना आणि त्यांच्या घरच्यांना फसवतो. कोर्टात एकेक साक्षीदार उभा राहतो, आपली कहाणी सांगतो, आणि लखोबा शांतपणे सांगतो की तो माणूस मी नव्हेच. मो. ग. रांगणेकरांचं दिग्दर्शन, प्रभाकर पणशीकरांच्या पाच भूमिका. रंगमंच फिरता होता. कोर्ट फिरून घर व्हायचं, घर फिरून पुन्हा कोर्ट. प्रेक्षकाला श्वास घ्यायला अंधाराची फट मिळत नसे.

या नाटकात रहस्य नावालाही नाही. गुन्हेगार कोण, हे पडदा उघडल्यापासून प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला माहीत असतं. तरी नाटक प्रेक्षकाला खुर्चीशी खिळवून ठेवतं, कारण प्रश्न वेगळा आहे: हे सिद्ध होईल का? आपल्याला ठाऊक आहे, पण न्यायाधीशाला पटेल का? ‘कोणी केलं’ याने रहस्यकथा चालते. ‘आता काय होणार’ आणि ‘हे सिद्ध कसं होणार’ यांनी थरारकथा चालते. अत्र्यांनी ‘हे सिद्ध कसं होणार’ या प्रश्नावर अख्खं नाटक तोललं, आणि प्रेक्षक वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा आले. शेवट कळल्यावर मजा संपते असं म्हणणाऱ्यांना हे नाटक चोख उत्तर आहे.

१९६४चा राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ दुसऱ्या टोकाला आहे. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरचा हा चित्रपट. काशिनाथ घाणेकरांनी रंगवलेल्या वकिलाची पत्नी त्याच्या डोळ्यांदेखत गेलेली आहे. मग पोलिस एक बाई पकडतात, ती हुबेहूब तिच्यासारखी दिसते आणि म्हणते, मी तुमचीच बायको. भर कोर्टात तो तिची उलटतपासणी करतो. नवराबायकोशिवाय कुणालाच माहीत नसावं असं ती एकेक सांगत जाते. प्रेक्षक दर दहा मिनिटांनी बाजू बदलतो. आधी ती खोटी वाटते, मग नवरा दगड वाटतो, मग पुन्हा शंका येते. भावनेचा कौल एकीकडे, डोळ्यांनी पाहिलेला मृत्यू दुसरीकडे. ही ताकद हिंदीवाल्यांनी लगेच ओळखली आणि राज खोसलांनी १९६६मध्ये ‘मेरा साया’ केला. मराठीतला थरार बाहेरून उसना आणलेला असतो, असं सरसकट बोलणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

छोट्या पडद्यावर ‘एक शून्य शून्य’ आणि रमेश भाटकरांचं ‘हॅलो इन्स्पेक्टर’ यांनी पोलिस तपासाला घराघरात नेलं. पुढे १९९८पासून शिवाजी साटमांचा एसीपी प्रद्युम्न हिंदी मालिकेतून देशभर पोचला. अलीकडे शिरवळकरांच्या ‘समांतर’वर वेब मालिका झाली; लेखकाच्या निधनानंतर सतरा वर्षांनी त्याचं कथानक नव्या पिढीने मोबाइलवर पाहिलं. ‘तुंबाड’ या २०१८च्या हिंदी चित्रपटामागे धारपांच्या कथेची प्रेरणा आहे. रंगभूमीवर विजय केंकरे आणि नीरज शिरवईकर यांनी ‘अ परफेक्ट मर्डर’सारखी रहस्यनाटकं पुन्हा जोमात आणली. बेलापूर-पेंधर मेट्रोत कानात तार घालून बसलेल्या मुलांपैकी कुणी ना कुणी धारप किंवा शिरवळकर ऐकत असेल. माध्यम बदललं, भूक तीच आहे.

ही भूक कसली, हा आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे.

पहिलं उत्तर सोपं आहे. सुरक्षित जागी बसून घाबरण्यात सुख असतं. बाहेर पाऊस, हातात पुस्तक, दाराला कडी. हे खरं आहे, पण पुरेसं नाही. नुसती भीतीच हवी असती तर वर्तमानपत्राचं पान पुरलं असतं.

दुसरं उत्तर न्यायाचं आहे. सामान्य माणसाच्या अनुभवात तक्रार नोंदवायलाच खेटे घालावे लागतात, तारखा पडत राहतात, साक्षीदार फुटतात. थरारकथेत शंभराव्या पानाच्या आत कुणीतरी गुन्ह्याची दखल घेतं. मेलेल्या माणसाबद्दल कुणीतरी विचारतं: हा कोण होता, याला कुणी मारलं, का मारलं? एका माणसाच्या मरणाला इतकं महत्त्व देणारं लेखन लोकांना आवडलं, यात लोकांचा मोठेपणा आहे. त्याला स्वस्त करमणूक म्हणून हिणवणं मला अन्यायाचं वाटतं.

तिसरं उत्तर मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. चांगली थरारकथा आपल्या संशयाशी खेळते आणि शेवटी तो चुकीचा ठरवते. नव्वदाव्या पानापर्यंत आपण माळ्यावर, नोकरावर, परगावाहून आलेल्या भाच्यावर संशय घेतो. लेखकाने सगळे धागे समोर ठेवलेले असतात. आपण आपल्या पूर्वग्रहाने नको तो धागा ओढलेला असतो. शेवट वाचून आपण मागची पानं चाळतो आणि कबूल करतो की हे तर इथेच लिहिलं होतं. आपला अंदाज चुकल्याचा आनंद देणारा असा दुसरा साहित्यप्रकार मला माहीत नाही.

इथेच या लेखनाचा दोषही सांगायला हवा. सगळ्याच रहस्यकथांनी ही जबाबदारी पाळली नाही. महिन्याला चार-चार पुस्तकं लिहिण्याच्या घाईत साचे वापरले गेले. चेहऱ्यावर व्रण असलेला, काळासावळा, झोपडपट्टीतला माणूस म्हणजे गुंड. मोकळेपणी वागणारी स्त्री म्हणजे एक तर गुन्हेगार, नाही तर पुढचा बळी. आपल्याकडे याला एक कटू पार्श्वभूमी आहे. इंग्रज सरकारने १८७१मध्ये कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२मध्ये गेला, पण पारध्याच्या पालावर पडणारी पहिली धाड अजून गेलेली नाही. ज्या कथेने हा शिक्का गिरवला, तिने संशयाला पुरावा मागितला नाही. तिने संशयालाच पुरावा मानलं. त्या कथेची बाजू मी घेणार नाही.

पुराव्याशिवाय पसरणारा थरार काय करतो, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडून आलेली ही माणसं भिक्षा मागून पोट भरणारी होती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. ती अफवा म्हणजेही एक थरारकथाच होती. तिच्यात खलनायक होता, निष्पाप बळी होते, धावती वेळ होती. नव्हता तो फक्त प्रश्न विचारणारा माणूस. कुठलं मूल, कुठल्या गावचं, कुणी पाहिलं, तक्रार कुठे आहे? रहस्यकथेतला कुठलाही सामान्य हेर पहिल्या पाच मिनिटांत विचारतो ते हे प्रश्न. तिथे हजर असलेल्यांपैकी दहा जणांनी ते मोठ्याने विचारले असते, तर कदाचित पाच माणसं जिवंत राहिली असती.

खऱ्या गुन्ह्यांवर बेतलेल्या कथांबद्दलही बोललं पाहिजे, कारण सध्या त्यांचंच पीक आहे. श्रीकांत सिनकरांनी पोलिसांच्या खऱ्या तपासकथा मराठीत आणल्या, तेव्हा तपास ही किती कंटाळवाण्या, चिकाटीच्या कामाची गोष्ट असते हे वाचकाला कळलं. १९७६-७७च्या पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाने एक अख्खं शहर दारं बंद करून बसलं. त्यावर पुढे ‘माफीचा साक्षीदार’ हा चित्रपट आला. परभणी जिल्ह्यातल्या मानवत इथे १९७२पासून बायका आणि मुली मारल्या गेल्या. तपास रमाकांत कुलकर्णी यांच्यासारख्या निष्णात अधिकाऱ्याकडे आला आणि २०२४मध्ये त्यावर ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका निघाली. त्या हत्यांच्या मुळाशी गुप्तधनाचा लोभ आणि अंधश्रद्धा असल्याचं तपासात पुढे आलं. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा व्हायला २०१३ साल उजाडावं लागलं, तेही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. अशा कथेत थरार खुन्याच्या सुऱ्यात शोधला तर ती मेलेल्या मुलींची विटंबना होते. मारणाऱ्याचं नाव जगभर व्हावं आणि मरणाऱ्या फक्त आकड्यात उराव्यात, ही या प्रकारातली सर्वांत मोठी चूक आहे. नव्या लेखकांना माझी विनंती आहे: खरा गुन्हा घ्याल तर मेलेल्या माणसाला आधी माणूस म्हणून उभं करा. ती काय शिकत होती, कुणासाठी डबा करत होती, कुठल्या गोष्टीला हसत होती, हे आधी लिहा. मग खून लिहा.

आता आपल्या खारघरबद्दल. हे शहर सिडकोने आखून वसवलं. बेलपाडा, कोपरा, मुर्बी, ओवे ही मूळ गावं त्याच्या पोटात आहेत, आणि भोवती गिरगाव-लालबागपासून बिहार-केरळपर्यंत कुठून कुठून आलेली माणसं राहतात. अनोळखी माणसांची इतकी नवी वस्ती म्हणजे थरारकथेला हवी तशी भूमी. फाटकावर रजिस्टर, जिन्यात कॅमेरे, दाराला जाळीचा दुसरा दरवाजा. सोसायटीत सोन्याची साखळी हरवली की पहिला संशय कुणावर जातो, हे आपण सगळे जाणतो. घरकामाला येणाऱ्या ताईवर, सामान पोचवणाऱ्या पोरावर, रंगकाम करणाऱ्यांवर. रहस्यकथा वाचणाऱ्या माणसाने त्या क्षणी थांबायला हवं. त्याने शंभर पुस्तकांत पाहिलेलं असतं की ज्याच्यावर सगळ्यांचा संशय असतो तो बहुधा निर्दोष असतो. हे ज्ञान पुस्तकातून जिन्यात उतरलं नाही, तर आपण वाचलं ते कशासाठी?

आणि खरा लखोबा आज फाटकातून येतच नाही. तो फोनवर येतो. कधी बँकेचा अधिकारी, कधी कुरिअर कंपनी, कधी थेट पोलिस किंवा सीबीआय. निवृत्त माणसाला सांगतो की तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेरा बंद करू नका, कुणाला सांगू नका, पैसे या खात्यात टाका. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. तरी शिकलेली माणसं आयुष्याची पुंजी गमावतात. कारण ठकाने थरारकथेची सगळी अवजारं उचलली आहेत: धावती वेळ, गुप्तता, अधिकाराचा आवाज, एकटेपणा. त्यावर उताराही थरारकथेतलाच आहे. थांबायचं, दुसऱ्या माणसाला सांगायचं, समोरच्याची ओळख स्वतंत्रपणे तपासायची आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करायचा. आज मराठीत नवा धनंजय लिहायचा तर त्याची पहिली केस हीच असायला हवी, आणि ती लिहिणारा मुलगा किंवा मुलगी या सभागृहात बसलेली असावी अशी माझी इच्छा आहे. मुलगी म्हणतो ते मुद्दाम. मराठीत या प्रकारात लिहिणाऱ्या स्त्रिया फार थोड्या झाल्या. रात्री स्टेशनवरून घरी येताना मागच्या पावलांचा आवाज मोजणं म्हणजे काय, हे पुरुष लेखकांनी कल्पनेने लिहिलं. ज्यांनी ते रोज मोजलं, त्यांनी लिहिलं तर हा प्रकार वेगळ्या उंचीवर जाईल.

शेवटी काही मागण्या, आणि त्या मी गंभीरपणे करतो आहे.

बंगाली भाषेकडे पाहा. शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी १९३२मध्ये ब्योमकेश आणला, सत्यजित राय यांनी १९६५मध्ये फेलुदा आणला. ज्या हातांनी गंभीर साहित्य आणि जागतिक दर्जाचा सिनेमा घडवला, त्याच हातांनी हेरकथा लिहिल्या आणि बंगाली समाजाने त्या अभिमानाने जपल्या. आपण बाबुरावांचं लेखन रद्दीवाल्याला दिलं. हजाराहून अधिक पुस्तकांपैकी आज किती सहज हाती लागतात? घरात माळ्यावर, गावच्या कपाटात अशी पुस्तकं असतील तर ती ग्रंथालयाला द्या. ग्रंथालयांनी ती संगणकावर उतरवून ठेवावीत. विद्यापीठांनी त्यांच्यावर संशोधन करू द्यावं, आणि ते करणाऱ्या विद्यार्थ्याकडे कुणी भुवया उंचावून पाहू नये. प्रकाशकांनी उसन्या कथानकाचं ऋण छापील शब्दांत मान्य करावं. समीक्षकांनी या पुस्तकांना साधा न्याय द्यावा: चांगल्याला चांगलं, वाईटाला वाईट म्हणावं, पण आधी वाचावं.

आणि आपण वाचकांनी एक करावं. घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला एक रहस्यकथा मोठ्याने वाचून दाखवावी आणि शेवटच्या प्रकरणाआधी पुस्तक मिटून विचारावं: तुझा संशय कुणावर आहे, आणि कशावरून? पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुणीही देतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायची सवय ज्या मुलाला लागली, ते मूल मोठेपणी अफवेवर विश्वास ठेवून दगड उचलणार नाही, फोनवरच्या आवाजाला घाबरून पैसे पाठवणार नाही आणि घरकाम करणाऱ्या ताईची पिशवी उगाच तपासणार नाही. मराठी थरारकथेला एवढं काम नक्की करता येतं, आणि तिच्याकडून ते करून घेणं आपल्या हातात आहे.